चष्म्यातला दिवा

मुकादमाला चांगलं ऐकू येत होतं आणि त्याची त्याला लाज वाटत होती. बहिरेपणाची लाज वाटणारी माणसं पुष्कळ असतात. कान शाबूत असल्याची लाज वाटणारा हा एकटाच असावा.

डब्यांच्या कारखान्यातून निवृत्त होऊन त्याला सहा वर्षं झाली होती. रंगाचे डबे, पावडरीचे डबे, बिस्किटांचे डबे. पत्रा कापणारे आणि दाबणारे प्रेस एकाच शेडमध्ये ओळीने मांडलेले असत आणि प्रत्येक प्रेस मिनिटाला चाळीस वेळा खाली आपटायचा. भिंतींनाही कान असतात म्हणतात. त्या शेडच्या भिंतींना असलेच, तर पहिल्या वर्षातच गेले असतील. वीस-पंचवीस वर्षं तिथे उभी राहिलेली माणसं बाहेर पडली ती ओरडून बोलतच, आणि आता म्हातारपणी टीव्हीच्या आवाजावरून घरच्यांची बोलणी खात होती.

ही माणसं अधूनमधून जमत. मुकादम त्यांच्यात जाऊन बसला की तोही पंजा कानामागे धरायचा आणि "आँ?" करायचा. पहिल्यांदा केलं ते चारचौघांत वेगळं दिसू नये म्हणून. मग अंगवळणी पडलं.

"मी स्वयंपाकघरात पुटपुटले तरी बाहेरून उत्तर देता," त्याची बायको म्हणायची, "आणि त्यांच्यात गेलात की आँ आँ. नाटकात तरी जायचं होतंत."

तिला ती थट्टा वाटायची. मुकादमही हसून वेळ मारून न्यायचा.

तर या लोकांनी कंपनीला कोर्टात खेचायचं ठरवलं. ठरवलं म्हणजे पैलवानाने. पैलवान हा मुकादमाचा सगळ्यांत जुना दोस्त. दोघं एकाच दिवशी कामाला लागले, शेजारशेजारच्या प्रेसवर उभे राहिले. हा अंगाने निव्वळ काडी, म्हणून शेडने त्याला पैलवान करून टाकलं. गेल्या वर्षी त्याची बायको न्हाणीघरात घसरून पडली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. ती हाका मारत होती आणि पैलवान भिंतीपलीकडे खुर्चीत बसून पेपर वाचत होता. दीड तास. पेपर संपला, पोटात कावळे ओरडायला लागले, अजून ताट कसं वाढलं नाही म्हणून हा उठला, तेव्हा त्याला कळलं.

हे त्याने मुकादमाला सांगितलं तेव्हा तो रडत होता. रडतानाही ओरडूनच बोलत होता, कारण दुसऱ्या तऱ्हेने बोलणं तो कधीच विसरला होता. मुकादमाला शब्द न् शब्द ऐकू आला. त्यावर काय बोलावं ते मात्र सुचेना, म्हणून त्याने पंजा कानामागे धरला आणि "आँ?" केलं. मग बिचाऱ्या पैलवानाने ते सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.

त्या एका "आँ"ची आठवण झाली की मुकादम भरल्या ताटावरून उठायचा.

वकीलबाई पैलवानानेच शोधून काढल्या. पहिली सभा भरली ती एका शाळेच्या वर्गात, सुट्टीच्या दिवशी, भरदुपारी. बाक लहान मुलांचे, त्यांत साठीपासष्टीचे गडी गुडघे पोटाशी घेऊन बसलेले. दाराजवळच्या एकुलत्या एक खुर्चीवर पैलवानाची बायको काठी मांडीवर आडवी ठेवून बसली होती. बहिऱ्यांच्या सभेत एक सोय असते, सगळे एकदम बोलले तरी कुणाची तक्रार नसते. वकीलबाईंनी थोडा वेळ वाट पाहिली आणि सरळ खडू उचलून फळ्यावर ठसठशीत अक्षरांत लिहायला लागल्या. तेव्हा कुठे वर्ग गप्प झाला.

त्या लिहीत होत्या आणि लिहिलेलं मोठ्याने बोलत होत्या. एकेकट्याने खटला भरला तर कंपनी एकेकाला खेळवून खेळवून दमवेल. म्हणून सगळ्यांचा मिळून एकच दावा, सामूहिक. एकजण पुढे उभा राहील, बाकीचे त्याच्या मागे, आणि निकाल लागेल तो सगळ्यांना लागू. पण "सगळे" म्हणजे कोण, ते आपण ठरवायचं नाही, कोर्ट ठरवणार.

"माझा मेहुणा हापिसात होता," मागून एकजण ओरडला, "त्यालाही कमी ऐकू येतं. त्याला घ्यायचा का?"

"त्याचे कान तुझ्या बहिणीने घालवलेत!" दुसरा ओरडला. ज्यांना ऐकू गेलं ते हसले आणि त्यांना हसताना पाहून बाकीचेही हसले.

"नाही घेता येणार," वकीलबाई म्हणाल्या आणि फळ्यावरही तसंच लिहिलं. "ज्याचे कान त्याच शेडमध्ये, त्याच आवाजाने गेले, तोच यात येईल. नुसतं कंपनीत होता म्हणून नाही, नुसता बहिरा आहे म्हणूनही नाही."

जे वारले त्यांचं काय, असं कुणीतरी विचारलं. त्यांच्या घरच्यांना येता येईल, त्या म्हणाल्या. ज्याला यायचंच नसेल त्याने तसं लिहून द्यायचं, म्हणजे तो बाहेर आणि त्याला आपला आपण लढता येईल. गप्प बसणारा आत धरला जातो.

मग त्यांनी एक शब्द लिहून त्याखाली दोन रेघा ओढल्या. प्रतिनिधी. "पुढे उभा राहणारा. कंपनीचे वकील आधी त्यालाच सोलून काढतात. त्याची गोष्ट तुमच्या सगळ्यांसारखीच पाहिजे. तुमचं नुकसान ते त्याचं नुकसान, असं असलं पाहिजे. आणि त्याच्या पोटात तुमच्यापासून लपवलेलं काही नको."

वर्गातली सगळी बोटं एकदम मुकादमाकडे वळली.

"हाच!" पैलवान उभा राहून ओरडला. "दुसरा कोण? आयुष्यभर यानेच सांभाळलं आम्हाला!"

मुकादमाने मान खाली घातली. सगळ्यांना वाटलं लाजला. खरंच लाजला होता, पण त्यांना वाटलं तसा नाही.

"आता अडचण सांगते," वकीलबाईंनी पिशवीतून पिवळ्या कार्डांचा गठ्ठा काढला. "दरवर्षी तुमचे कान तपासले जायचे. ही त्याची कार्डं, माझ्या नोटिशीच्या उत्तरात कंपनीनेच पाठवली आहेत. बासष्ट माणसं, शेवटची अठरा वर्षं, एकही नापास नाही. कंपनी म्हणते, ज्यांचे कान ठणठणीत त्यांचं नुकसान कसलं? यात यायला कोणीच लायक नाही." त्यांनी गठ्ठा टेबलावर आपटला. "अहो, असे कान माझेसुद्धा नाहीत! ही कार्डं कंपनीने मागाहून बनवली आहेत. आपण तेच म्हणायचं, आणि प्रतिनिधीने ते शपथेवर सांगायचं."

बासष्टातले जे हजर होते ते सगळे आपापल्या गुडघ्यांकडे बघायला लागले. शाळेचा वर्ग आणि कुणीतरी कॉपी पकडलेली, असलाच तो देखावा होता.

कारण कार्डं खरी होती. खोटे होते ते वर झालेले हात.

दरवर्षी कारखान्याच्या आवारात एक गाडी येऊन उभी राहायची. तिच्यात एक बंद खोकं, खोक्याला काच. कामगाराने आत बसून कानांवर यंत्र लावायचं आणि बारीक आवाज ऐकू आला की हात वर करायचा. काचेपलीकडे कानवाली बाई बटणं दाबत बसायची. दोन वर्षं लागोपाठ नापास झाला त्याला प्रेसवरून काढून पॅकिंगला टाकत. तिथला पगार निम्मा. पैलवान एकदा नापास झाला होता. दुसऱ्या वर्षाच्या तपासणीआधी तो इतका घाबरला होता की जेवणाचा डबा न उघडताच घरी परत न्यायचा. तेव्हा मुकादम मुकादम नव्हता, साधा प्रेसवाला होता, पण नजर बारीक. त्याच्या ध्यानात आलं, की बाई बटण दाबते तेव्हा तिच्या यंत्रावर लाल दिवा लागतो, आणि तो दिवा तिच्या जाड चष्म्यात दिसतो.

"कानाने ऐकू नकोस," त्याने पैलवानाला सांगितलं. "चष्म्यात बघ. लाल दिसलं की हात वर."

पैलवान पास झाला. इथवर सगळं दोस्तीत झालं आणि इथवरची मुकादमाला कधी लाज वाटली नाही. पैलवानाने दुसऱ्याला सांगितलं, दुसऱ्याने तिसऱ्याला, आणि दोन वर्षांत सगळी पाळी चष्म्यात बघून ऐकायला लागली.

मग एक दिवस फोरमनने मुकादमाला बोलावून घेतलं आणि दार लावलं. चोराच्या मनात चांदणं. याला वाटलं, गेली नोकरी. फोरमन हसत होता.

"तुझ्या पाळीत कुणी नापास होत नाही. कसं, ते मला माहीत आहे," तो म्हणाला. "वर कळवायची माझी इच्छा नाही. उलट नव्या पोरांनाही शिकव. प्रेसना आवाज कोंडणारी झाकणं बसवायची म्हणून वरून टुमणं लागलंय. दोन महिने काम बंद, खर्च वेगळा. सगळेच पास होत असतील तर झाकणं कशाला, असं मला लिहून देता येईल."

आणि मग त्याने याला मुकादम केलं. मुकादमाला शेडच्या टोकाला काचेची खोली होती. दुहेरी काच, आत पंखा, दार लावलं की बाहेरचे प्रेस मुके. तिथे बसून याने अठरा वर्षं उंटावरून शेळ्या हाकल्या. दर तपासणीच्या आदल्या दिवशी तो नव्या माणसांना स्वतः शिकवायचा, कुठे बघायचं ते. पोरं त्याच्या पाया पडायची, म्हणायची, मुकादम आपला माणूस आहे. कंपनीने भिंतीवरचं घड्याळ दिलं, त्यावर सोनेरी अक्षरांत पाळीचं कौतुक होतं. झाकणं कधीच आली नाहीत.

सभेहून आल्यावर बायको वकीलबाईंनी दिलेला कानांच्या माहितीचा अर्ज घेऊन त्याच घड्याळाखाली बसली. तिचं अक्षर चांगलं होतं.

"डावा कान," तिने वाचलं. "किती ऐकू येतं?" आणि नाकावरच्या चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. "काय लिहू? बोला की. की इथेही आँ?"

मग मुकादमाने तिला सांगितलं. दिवा, फोरमन, झाकणं, सगळं. सांगताना तो तिच्याकडे बघत नव्हता, टेबलावरच्या पेनच्या टोपणाकडे बघत होता.

"मी तिला दवाखान्यात भेटायला गेले होते," ती म्हणाली. "हाका मारून मारून तिचा घसा बसला होता. मला म्हणाली, ह्यांचा काय दोष, ऐकूच येत नाही. आणि मी तिला काय म्हणाले असेन? म्हणाले, आमच्या ह्यांचंही तसंच आहे हो. तिला बरं वाटावं म्हणून." तिने अर्जाची घडी घातली. "तुमच्या सोंगात मलाही नाचवलंत तुम्ही."

"वकीलबाईंना एकट्यांनाच गाठून सांगतो," मुकादम म्हणाला.

"तुम्ही शिकवलंत ते चारचौघांत," बायको म्हणाली आणि उठून गेली.

पुढच्या सभेपर्यंतचा आठवडा त्याने कसा काढला ते त्यालाच ठाऊक. मधल्या काळात पैलवान दोनदा येऊन गेला, कोर्टात कुठला सदरा घालायचा ते विचारायला. गप्प बसणं सोपं होतं. शपथेवर एक वाक्य बोलायचं, कार्डं बनावट आहेत. पण उद्या कंपनी त्या कानवाल्या बाईला उभी करणार, ती खरंच सांगणार की यांनी हात वर केले होते, आणि मग बासष्टच्या बासष्ट खोटे ठरून घरी जाणार. आणि खरं बोललं तर ही माणसं, जी त्याला आपला माणूस म्हणत होती, ती जाणार. निवृत्त माणसाजवळ दुसरं असतं काय?

सभेत वकीलबाईंनी त्याला पुढे बोलावलं. लाजेची गोष्ट माणूस हळूच सांगतो. त्यानेही तशीच सांगितली, टेबलाच्या कडेकडे बघत, एका दमात. मी दिवा दाखवला. फोरमनला माहीत होतं. झाकणं येणार होती ती त्यामुळे आली नाहीत. मला त्याबद्दल काचेची खोली मिळाली. मला ऐकू येतं.

संपल्यावर त्याने वर पाहिलं. वर्ग त्याच्याकडे कौतुकाने बघत होता. कुणी मान डोलावत होता, कुणी पंजा कानामागे धरला होता. पैलवानाने टाळ्या वाजवल्या आणि त्या ऐकून, म्हणजे बघून, सगळ्यांनीच वाजवल्या.

ऐकलं होतं फक्त दोघींनी. वकीलबाईंच्या हातातला खडू तसाच राहिला होता. त्या जवळ येऊन हलक्या आवाजात म्हणाल्या, "काका, मला कळलं. मी लिहून घेते. त्यांना हवं तर मी नंतर समजावून सांगेन."

सुटका समोर उभी होती. मुकादमाचा पाय खरोखरच दाराकडे वळला. दाराजवळ काठी टेकवत पैलवानाची बायको उभी राहिली.

"भावजी," ती म्हणाली. आवाज चढवला नव्हता तिने. त्याच्यासाठी चढवायची गरज नाही हे तिला आता कळलं होतं. "ह्यांना ऐकू आलं नाही. मोठ्यानं सांगा."

मग मुकादम परत फिरला आणि ओरडला. एकेक वाक्य तोडून, प्रेस चालू असताना ओरडायचे तसा, शिरा ताणून. "झाकणं येणार होती! मला माहीत होतं! मी खोली घेतली!" मागच्या बाकांना कळेना, तर पुन्हा ओरडला. "मला ऐकू येतं! मी सोंग करत होतो!" रस्त्यावरून जाणारी दोन माणसं खिडकीशी थांबून बघायला लागली. त्यांनाही ते ऐकावं लागलं. आपली लाज स्वतःच्या तोंडाने अशी दवंडी पिटून सांगायची पाळी वैऱ्यावरही येऊ नये. शेवटी त्याचा घसा बसला.

दिव्याचं कुणाला नवल वाटलं नाही, तो सगळ्यांचाच होता. पैलवान मात्र बाकातून उठून त्याच्यासमोर आला.

"झाकणं कधी येणार होती?"

"तुझी पोर शाळेत जायला लागली, त्या साली," मुकादम ओठ सावकाश हलवत म्हणाला.

"तेव्हा मला तिचं गाणं ऐकू यायचं," पैलवान म्हणाला. ओरडून नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तो हळू बोलला. मुकादम काहीतरी बोलायला लागला, तसं पैलवानाने तोंड फिरवलं. बहिऱ्याला दुसऱ्याचं बोलणं बंद करायला तेवढं पुरतं.

वकीलबाईंनी यादीतलं मुकादमाचं नाव खोडलं. त्याचं नुकसान इतरांसारखं नव्हतं आणि त्याच्या हातून काय घडलं ते तर उघडच होतं. दाव्यात त्याला जागा नव्हती. जागा होती ती साक्षीदाराच्या पिंजऱ्यात. कार्डांवरचे निकाल खोटे आहेत आणि कंपनीला ते ठाऊक होतं, हे आता सांगता येणार होतं. प्रतिनिधी म्हणून पैलवानाचं नाव घातलं. सह्यांचा कागद बाकांवरून फिरला. सवयीने कुणीतरी तो मुकादमापुढेही धरला आणि त्याने तो न बघता पुढे दिला.

कोर्टाने सगळ्यांचे कान नव्याने तपासायला सांगितले. महिन्याभराने पैलवानाच्या बायकोचा फोन आला, मुकादमाच्या बायकोला. ह्यांची तपासणी आहे, डॉक्टरचा दवाखाना वरच्या मजल्यावर, मला जिना चढवत नाही. ह्यांना नाव पुकारलेलं कळणार नाही. भावजींना सोबत पाठवा. हे काही म्हणणार नाहीत, मी बघते.

पैलवान खरंच काही म्हणाला नाही. वाटेत नाही, जिन्यात नाही. नाव पुकारलं तेव्हा मुकादमाने त्याच्या खांद्याला हात लावला. तो उठला आणि आत गेला. मुकादम दाराशी उभा राहिला.

तपासणारी मुलगी तरुण होती. तिलाही चष्मा होता. पैलवान खुर्चीपाशी गेला आणि बसायच्या आधी त्याने तिच्या चष्म्याकडे पाहिलं. तिने खुर्ची फिरवून भिंतीकडे केली, त्याला बसवलं, कानांवर यंत्र चढवलं आणि आवाज आला की हात वर करायचा, हे खुणेने सांगितलं. पैलवानाने मान हलवली. हात गुडघ्यांवर ठेवले. समोर कोरी भिंत होती.

मुलीने बटण दाबलं. लाल दिवा लागला. मुकादमाला तो तिच्या चष्म्यात अगदी स्वच्छ दिसला. पैलवानाचा हात गुडघ्यावर होता. तिने आवाज वाढवला, पुन्हा दाबलं. दिवा लागला, विझला, लागला. पैलवान शाळेतल्या मुलासारखा ताठ बसून वाट बघत होता. तिने आणखी वाढवला. आता तो आवाज पैलवानाच्या कानांवरच्या यंत्रातून बाहेर पाझरत होता, बारीक, एकसुरी, आणि दाराशी उभ्या असलेल्या मुकादमाला ऐकू येत होता.

पैलवानाचा हात गुडघ्यावरच होता.